कापसाच्या मुलखातलं पॉलिस्टर

1974 साली केंद्र सरकारने देशभरातल्या आजारी कापड गिरण्या ताब्यात घेतल्या. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता, बडनेऱ्याची विजय, अचलपूरची विदर्भ या आपल्याकडच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या झाल्या त्या अशा. त्याच सुमारास वऱ्हाडातल्या लग्नात नवरदेवाला पॉलिस्टर-कापूस मिश्र टेरिकॉटचा सदरा शिवायची पद्धत रुळत होती. धुऊन वाळत घातला की बिनइस्त्रीचा अंगात घालता येणारा तो सदरा वर्षानुवर्षं विटत नसे, फाटत नसे. कपाशी पेरणाऱ्याच्या घरात पॉलिस्टर शिरलं ते असं अंगावरून. पुढे गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले आणि पॉलिस्टरने कापूस खाल्ला, हा समज घट्ट बसला. मला तो अर्धामुर्धाच खरा वाटतो. यंत्रं जुनाट झाली होती आणि नव्या यंत्रांत पैसा घालायची कुणाची तयारी नव्हती. पॉलिस्टरला तर चैनीची चीज समजून सरकारने कित्येक वर्षं जबर अबकारी कर लावला होता.

पॉलिस्टरचा जन्म 1941चा, मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेतला. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तो धागा पहिल्यांदा काढला. आपल्या राज्यात पॉलिस्टर ‘टेरीन’ या नावाने आलं ते 1960च्या दशकात, ठाण्याच्या केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडियामुळे. 1982 साली पाताळगंगेला रिलायन्सचा कारखाना सुरू झाला. 1990च्या दशकात तर पॉलिस्टर थेट विदर्भात येऊन बसलं. नागपूरजवळच्या बुटीबोरीत इंडोरामाचा कारखाना उभा राहिला, म्हणजे अमरावतीहून जेमतेम तीन तासांच्या वाटेवर. आपण मात्र त्याच्याकडे कापसाचा वैरी म्हणूनच पाहत राहिलो. या तंतूचं दुसरं आयुष्य, कपड्याबाहेरचं, आपल्या लक्षातच आलं नाही.

पॉलिस्टरची ताकद येते ताणातून. दाणे 280 अंशांच्या आसपास वितळवून बारीक छिद्रांतून दाबून काढले, की जो धागा निघतो तो लेचापेचाच असतो; त्यातले लांबलचक रेणू अस्ताव्यस्त पडलेले असतात. तो धागा गरम रुळांवरून, पुढचा रूळ मागच्यापेक्षा कितीतरी जोरात फिरवत, काही पट लांब ताणतात. रेणू एका दिशेला लागतात आणि तंतू चिवट होतो. शर्टाच्या तंतूला एवढं ताणायची गरज नसते. दोरखंड, पट्टे, टायरची दोरी यांच्यासाठी मात्र हा ताण शेवटपर्यंत न्यावा लागतो.

मग येतं न विणलेलं कापड. कपड्यासाठीचं पॉलिस्टर साधारण 38 मिलिमीटर लांब कापतात, कारण ते कापसात मिसळायचं असतं. या कामाला त्याहून लांब आणि जाड, सहा डेनियर किंवा त्याच्या वरचा तंतू घेतात. कार्डिंग मशीन तो पिंजून पातळ थर काढतं. गादीवाला पिंजारी धुनकीने करायचा तेच हे काम. थरावर थर आडवे घालत नेतात आणि वरून हजारो सुया एकदम खाली येतात. सुईच्या कडांना खालच्या बाजूला वळलेल्या बारीक खाचा असतात. खाली जाताना त्या वरचे तंतू ओढून खालच्या थरात गुंतवतात, वर येताना रिकाम्या येतात. ताणा नाही, बाणा नाही, चाती नाही. बघता बघता गठ्ठ्यातल्या तंतूंची घट्ट, पाणी झिरपू देणारी चादर तयार होते.

या चादरीचं आपल्याकडे काय काम, असं विचारणाऱ्याने पावसाळ्यात एखाद्या पांदण रस्त्याने जाऊन यावं. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. वर टाकलेली गिट्टी हळूहळू खाली बसते, चिखल वर येतो. गिट्टी आणि माती यांच्यामध्ये न विणलेलं कापड अंथरलं, तर पाणी निघून जातं आणि माती गिट्टीत घुसत नाही. ‘जिओटेक्स्टाइल’चं मुख्य काम एवढंच. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर एकेरी डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनेस बुकात नोंद झाली, सगळीकडे फोटो छापून आले. विक्रम मोठाच. पण काळ्या मातीतला रस्ता टिकतो की बसतो ते वरच्या डांबरावर कमी आणि खालच्या थरांवर जास्त ठरतं, आणि खालच्या थरांचे फोटो कुणी काढत नाही.

शहरात या कापडाची ओळख झाली ती पिशवीतून, आणि तीही फसवी. 2018च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी समजून वापरलेल्या कितीतरी पिशव्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच होत्या. टरबुजाच्या वाफ्यांवरचं पांढरं क्रॉप कव्हर त्याच जातीचं.

सरकारने 2020 मध्ये राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला 1480 कोटी रुपये मंजूर केले. न विणलेल्या कापडाचं उत्कृष्टता केंद्र इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत आहे, जिओटेक्स्टाइलचं मुंबईच्या बीटीआरए संस्थेत. दोन्ही महाराष्ट्रातच, पण वऱ्हाडापासून लांब. सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी झाली, वर्ध्याच्या सभेतून. नांदगाव पेठ परिसरातली ही सुमारे हजार एकर जागा. सप्टेंबर 2025 मध्ये मानवनिर्मित तंतूवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तिकडे अचलपूरची फिनले मिल 2020च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. शेतापासून परदेशी बाजारापर्यंतची साखळी, अशी मित्र पार्कची घोषणा आहे. माझा आक्षेप एवढाच, की या साखळीत पुन्हा सगळी नजर शर्ट-पँटवर आहे. रस्ते, गाळण्या, शेततळ्याच्या प्लास्टिकखालचं अस्तर यांचं गिऱ्हाईक तर इथेच, दाराशी आहे.

अर्थात बाहेरची चादर जशीच्या तशी आणून अंथरावी, असंही नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अकोला, अमरावती आणि बुलढाण्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात माती चोपण आणि अल्कधर्मी आहे. अशा अल्कधर्मी ओलीत पॉलिस्टरचे रेणू हळूहळू तुटतात. तीव्र अल्कली असेल तर फारच लवकर. पॉलिप्रॉपिलीन तिथे टिकतं, पण उघड्यावर उन्हात लवकर खराब होतं. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत निचऱ्याचे पाइप गाळणीच्या कापडात गुंडाळून पुरतात. खारपाणपट्ट्यात पाणी झिरपतंच इतकं हळू, की तिथली गाळणी इथे चालेलच असं नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून अकोल्यात आहे. त्याने या दोन्ही तंतूंच्या कापडाचे तुकडे दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडच्या मातीत हातभर खोल पुरावेत, दर वर्षी थोडे उकरून काढावेत आणि किती जोर लावल्यावर फाटतात ते मोजावं. एवढ्याला हजार एकर लागत नाहीत, दोन-चार गुंठे पुरतात.