मृगाची चुरी संत्री आणि घरची मसाला कँडी



मागच्या महिन्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले, तर एका काकूंनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. "मोठा माल व्यापाऱ्यानं नेला, चुरी ठेवली. आता याचं काय करू पोरी?" चुरी आकारानं लहान, पण गोडीला कमी नाही. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि त्यांच्या मागोमाग आपलं ऊन. म्हणून तिथंच ठरलं, बिनदुधाची, मसाला घातलेली संत्रा कँडी करून बघू.

पहिली खेप फसली आणि चूक माझी होती. रस टिकेल म्हणून मी तो उकळायला लावला. दुसऱ्या दिवशी काकूंनी चाखला आणि म्हणाल्या, "हे तं कारल्यावाणी झालं बाप्पा!" अडीच किलो संत्री आणि साखर वाया गेली. गटात कुणी बोललं नाही, पण मला फार लागलं.

मग कारण शोधलं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या रसाला एक खोड आहे. बिया आणि फोडींच्या सालपटात एक द्रव्य असतं. अख्ख्या फळात ते कडू नसतं. फोड फुटली, आंबट रसाशी गाठ पडली, की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू लागतं. उष्णतेनं हे काम भराभर होतं. म्हणजे ताजा रस गोड लागला म्हणून फसू नका, कडवटपणा मागून येतो.

म्हणून संत्र्याचा रस तापवायचाच नाही. फोडींचे पांढरे धागे आणि बिया काढायच्या. मिक्सर लावलाच तर दोन-तीन झटकेच द्यायचे, बी भरडली की संपलं. लगेच गाळायचं आणि लगेच गोठवायला ठेवायचं. सकाळी रस काढून दुपारी बघू, असं चालत नाही.

मसाला पाकातून द्यायचा. एक लिटर रसाला (साधारण अडीच किलो संत्री लागतात) 250 ग्रॅम साखर आणि छोटा कप पाणी घ्या. त्यात बोटभर दालचिनी, चार लवंगा, आठ-दहा मिरे आणि ठेचलेलं आलं घालून पाच मिनिटं उकळा. तार येऊ द्यायची नाही. झाकून अर्धा तास ठेवा, गाळा, पूर्ण थंड करा आणि मगच रसात ओता. वर एका लिंबाचा रस आणि चिमूटभर सैंधव. चाखाल तेव्हा मिश्रण थोडं जास्तच गोड नि झणझणीत लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला चव कमी कळते.

साखर कमी करू नका. ती फक्त गोडीसाठी नसते, तिच्यामुळे बर्फाचे खडे बारीक राहतात. कमी पडली तर दगड होतो, फार झाली तर कँडी जमतच नाही. साच्यात न भरता डब्यात ठेवणार असाल, तर दर तासाला काट्यानं खरवडून हलवा, तीन वेळा तरी. भुसभुशीत होतं.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा लाईटचा भरवसा नाही, त्यांनी कुल्फीवाल्याचं मडकं आठवावं. बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ, मधे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. मिठानं बर्फ वितळतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे साध्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त गारठा होतो. डबा मधूनमधून फिरवत राहा. हा बर्फ फॅक्टरीचा असला तरी चालतो, पण त्याचा एक थेंबही डब्यात जाता कामा नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायचा असा नियम आहे, तो त्यासाठीच.

एवढ्या मिश्रणात 60 मिलीच्या वीसेक कँडी निघतात. घरच्या पोरांसाठी ठीक आहे. विकायची असेल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी, पाणी उकळून गार केलेलं, आणि हिशोबात स्वतःची मजुरी धरायची. ती आपण नेहमी विसरतो! आणि पाटीवर "आईस्क्रीम" लिहू नका. साध्या आईस्क्रीममध्ये कायद्यानं दुधाचं फॅट किमान 10 टक्के लागतं, आपल्यात दूधच नाही. "संत्रा मसाला कँडी" लिहा.

काकूंची दुसरी खेप चांगली जमली. आठ दिवसांनी मुद्दाम चाखून पाहिली, कडू नव्हती. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत बादलीवर करून दाखवणार आहे. डबा मी आणते, जाडं मीठ आणि चुरी तुम्ही आणा.

— तुमची क्षेत्र समन्वयक