बोलण्याआधीचे बोलणे

तीन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, एकही शब्द उच्चारीत नाही. मात्र तहान लागली की आईचे मनगट धरून तिला माठापाशी ओढीत नेते. 'काही पोरं उशिरानंच बोलतात,' असे घरातील वडीलधारी सांगतात आणि वरूडसारख्या तालुक्याच्या गावी या दिलाशातच एकदोन वर्षे निघून जातात. वास्तविक ते ओढणे हेच त्या मुलाचे मागणे असते. या मुलांना सांगावयाचे असते, सांगण्याची रीत तेवढी निराळी असते. त्या दृष्टीने 'स्वमग्न' हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द काहीसा अन्यायकारकच होय.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली; २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. परंतु निदानानंतर पुढे काय? वाचोपचारासाठी अमरावती वा नागपूर गाठावयाचे तर पाऊण तासाच्या शिकवणीपायी अख्खा दिवस खर्ची पडतो. संत्र्याच्या तोडीला जाणाऱ्या बापाची मजुरी बुडते. आईच्या दिवसाचा हिशेब तर कोणीच ठेवीत नाही.

तज्ज्ञांच्या या टंचाईवर गोव्यातील 'संगाथ' संस्थेने एक वाट शोधली. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ मुलांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअट्री'त प्रसिद्ध झाले. त्यात पालकांना शिकविणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. मुलाबरोबरचा खेळ चित्रित करावयाचा, तोच पालकांना दाखवावयाचा आणि मूल कोठे पाहते, त्याने काय सुचविले, हे त्यांनाच ओळखू द्यावयाचे. अशा जास्तीत जास्त १२ बैठका झाल्या. सर्वच कसोट्यांवर यश आले असे नव्हे. परंतु मुले आपणहून संवाद आरंभू लागली, ही गोष्ट लहान नाही.

आईने प्रश्नांचा भडिमार थांबवावा, मूल पाहत असेल त्याच वस्तूचे नाव घ्यावे आणि मग वाट पाहावी. ते नाव वऱ्हाडीत घेतले तरी चालते. अशा मुलाशी घरची बोली टाळावी, या सल्ल्याला आधार नाही. माठाचे चित्र हाती दिल्याने वाचा खुंटते, ही भीतीही निराधार आहे.

हे शिकविण्यास वरूडच्या गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. त्यांच्यावर नोंदवह्यांचा भार आधीच मोठा आहे. तेव्हा या कामाचे प्रशिक्षण द्यावयाचे तर त्याचे मानधनही वेगळे धरावे लागेल.