काठमांडूतला शेवटचा दिवस

आपल्या माणसांचा प्रवास म्हणजे चैत्यभूमी नाही तर दीक्षाभूमी. आमच्या खानदेशात फार तर ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला, जिथे बाबासाहेब १९३७ साली मुक्कामाला होते. भाकरी बांधायची, पोरंबाळं घ्यायची आणि वस्तीच्या वस्ती निघायची. नवरा-बायको दोघेच कुठे फिरायला गेले, असे आमच्या जळगावच्या वस्तीत मी तरी पाहिले नाही. लग्नाला ३१ वर्षे झाली होती, पण आम्हीही कधी गेलो नव्हतो. माझे मिस्टर दाल मिलमध्ये कामाला. सुटी घेतली की पगार कापला.

२०१९ साली काम सुटले. हातात आलेल्या पैशातले थोडे बाजूला ठेवून ते म्हणाले, "आपण दोघं नेपाळला जाऊ. पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड पुरतं." मला वाटले, गंमत करतात. पण त्यांनी तारीखही काढून ठेवली होती. २० नोव्हेंबरला काठमांडूत असायचे. १९५६ साली जागतिक बौद्ध परिषदेत त्याच दिवशी बाबासाहेबांचे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण झाले होते.

भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडून लुंबिनी, आणि मग काठमांडू. नोटांची पंचाईत झाली. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी आणली होती, हे आम्हाला सोनौलीत कळले. पाचशेच्या नोटा मोडायला अर्धा दिवस गेला. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. त्यामुळे पहिले दोन दिवस आपण श्रीमंत झालो असे वाटत राहते, तिसऱ्या दिवशी वाटत नाही.

शेवटच्या दिवशी लॉजचे भाडे चुकते केले. रात्रीच्या बसचे तिकीट आधीच काढले होते. हातात नेपाळी १९०० रुपये उरले. मिस्टरांनी घड्याळ पाहिले. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते आणि त्यांना याचे फार कौतुक. "आपल्या मिलमध्ये असतं तर पंधरा मिनिटं उशीर लागला असता," असे ते रोज सकाळी म्हणत.

पहाटे बौद्धनाथच्या स्तूपाला फेऱ्या घातल्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपात या स्तूपाच्या शिखराची मोडतोड झाली होती. दुरुस्त होऊन तो नोव्हेंबर २०१६ मध्ये पुन्हा खुला झाला. आता कुठे तडा दिसत नाही. म्हातारी तिबेटी जोडपी हातात माळ घेऊन, एकमेकांशी न बोलता, एकाच चालीने फिरत होती. एका आजींना मी जळगावच्या केळीच्या वेफर्सचे शेवटचे पाकीट दिले. त्यांनी उघडून तिथेच आजोबांच्या तोंडात एक घातला. मला हसू आले. घरी आमच्या सासूबाईंसमोर मी असे कधी केले नसते.

मग स्वयंभू. टेकडीवर चढायला ३६५ पायऱ्या, शेवटच्या तर अगदी उभ्या. निम्म्यावर मिस्टर बसले. डाळीच्या धुळीने त्यांची छाती भरलेली आहे, हे मला ठाऊक होते. पण घरी ते दम लागला तरी दाखवत नसत. इथे दाखवला. म्हणाले, "तू जा वर. मी थांबतो इथं."

मी गेले नाही. पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला. माकडे होती, बाटलीकडे डोळा लावून.

बसल्या बसल्या मी विचारले, "अहो, बाबासाहेब या गावी आले तेव्हा माईसाहेब सोबत होत्या ना?"

"होत्या. आणि डॉ. मालवणकर."

मी गप्प झाले. मला धुळ्याचे माहेर आठवले. माझी आई माईसाहेबांचे नाव निघाले की तोंड फिरवायची. आमच्या वस्तीत त्यांच्याविषयी फार वाईट बोलले जाई. त्या परक्या, त्या डॉक्टर, त्यांनीच काही केले असेल. लहानपणी मीही ते खरे मानले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक होता असे निघाले, ते आमच्यापर्यंत कोणी आणलेच नाही.

मिस्टर वाचनालयात बसणारे. त्यांनी सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. तीत त्यांनी आपला जीव वाचवल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. पण १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

मी मनात दिवस मोजले. २० नोव्हेंबरचे भाषण, नंतर काशी, ३० तारखेला दिल्ली, आणि ६ डिसेंबर. म्हणजे या गावातल्या भाषणानंतर १६ दिवस. बाबासाहेब ६५ वर्षांचे, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार. माईसाहेब ४७ वर्षांच्या. १५ एप्रिल १९४८ ला लग्न झाले, तेव्हापासून औषध, पथ्य, इंजेक्शन त्यांच्याच हाती. माणसाचा श्वास मोजत शेजारी बसणे काय असते ते त्या पायरीवर मला कळत होते. आणि तेवढे करूनही पुढे ४६ वर्षे, २००३ साली जाईपर्यंत, तो संशय त्यांच्या मागे होता. १९९० साली बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनीच स्वीकारले, तेव्हाही आमच्या गल्लीत कुजबुज झालीच होती.

अर्ध्या तासाने मिस्टर उठले. दहा पायऱ्या, मग विसावा, असे करत आम्ही दोघे वर पोचलो. खाली सगळे काठमांडू विटकरी रंगाचे दिसत होते. त्यांनी मोबाईलवर माझा फोटो काढला. मी म्हटले, "तुमचाही काढू द्या." तर म्हणाले, "घाम आलाय." तरी काढला.

दुपारी असनच्या बाजारात ते शालीच्या दुकानापुढे थांबले. माझ्यासाठी करड्या रंगाची शाल निवडली. दुकानदार ११०० वर अडला, आम्ही ८०० वर आणला. पिशवीत घालताना मी म्हटले, "ही आईला देते."

"तुझ्यासाठी घेतली ना?"

"आईला द्यायला जाते आणि माईसाहेबांचं सांगते. नुसतं सांगायला गेले तर ऐकायची नाही."

ते हसले. जेवण, चहा आणि शाल वजा जाता ७०० रुपये उरले. गोंगबूच्या बसपार्कवर त्यांनी मला न विचारता दोन प्लेट मोमो घेतले. बस सुटायला वेळ होता.

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेले. आईने शाल अंगावर घेतली, सगळे ऐकले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोनदा सांग. सुरुवातीपासून."