दोन बोटं माया

2025 च्या सप्टेंबरात सोमवारी घटस्थापना झाली आणि त्याच दिवशी कपड्यांवरचा जीएसटी बदलला. संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, अडीच हजारांच्या आतलं सगळं आत्ताच घेऊन टाकू का?" तिला पहिली नोकरी लागली होती, दिवाळीनंतर ठाण्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं. कपड्यांसाठी आईने हातावर 15,000 रुपये ठेवले होते. फोनपाठोपाठ तिने खरेदीची यादीही पाठवली. पांढरा शर्ट, काळी पँट, पेन्सिल स्कर्ट, लोकरीचा ब्लेझर, बेज रंगाचा ट्रेंच कोट, उंच टाचांचे काळे शूज.

ही यादी कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण थोड्याफार फरकाने हीच यादी मीही पंचवीस वर्षांपूर्वी कापून ठेवली होती. तिचं मूळ परक्या हवेत आहे. 1977 साली जॉन मॉलॉय या अमेरिकी लेखकाने नोकरदार बायकांच्या पोशाखावर पुस्तक लिहिलं आणि स्कर्ट-जॅकेटचा सूट हाच त्यांचा गणवेश असावा असं ठासून सांगितलं. त्याच दशकात लंडनमध्ये सूझी फॉ या दुकानदार बाईने 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना रुजवली. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरनने 'सेव्हन ईझी पीसेस' या नावाने मोजकेच कपडे बाजारात आणले, असे की कुठलाही कुठल्यावरही चालावा. कपडे थोडे असावेत आणि त्यांचं एकमेकांशी जमावं, ही कल्पना मला आजही पटते. पण त्या यादीतल्या वस्तू त्यांच्या थंडीसाठी आहेत. सकाळी 8.17 च्या लोकलमध्ये लोकरीचा ब्लेझर घालून उभं राहायचं, हा कुणाही मुलीवर अन्याय आहे.

आता कराचं. 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के, त्यापुढच्यावर 18 टक्के, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलंय. पूर्वी ही रेघ 1,000 रुपयांवर होती आणि तिच्यापुढे 12 टक्के लागत. म्हणजे 2,400 रुपयांच्या कुर्त्यावर आता 168 रुपये वाचतात, तर 4,000 च्या ब्लेझरवर 240 रुपये जास्त जातात. 2,500 चा कपडा करासकट 2,625 ला पडतो आणि 2,501 चा 2,951 ला. त्यामुळे 2,499 च्या चिठ्ठ्यांचा पाऊस पडेल असं मला वाटतं, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. किंमत त्या रेघेच्या आत बसवायची तर कुठेतरी काटछाट होणार, आणि ती बाहेरून दिसणार नाही अशाच जागी होणार.

त्या सगळ्या बातम्यांमध्ये एक गोष्ट कुणी मोठ्या अक्षरांत छापली नाही. ताग्यातून कापून घेतलेल्या सुती किंवा रेशमी कापडाला ही 2,500 ची रेघ लागू नाही. मीटरचा भाव काहीही असो, त्यावर 5 टक्केच. आणि कोपऱ्यावरच्या ज्या टेलरची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्याला जीएसटीची नोंदणीही करावी लागत नाही. भाचीला मी म्हटलं, मॉलमध्ये जायचं नाही. आपण कापड घेऊ आणि वहिनींकडे जाऊ.

वहिनी म्हणजे डोंबिवलीतल्या माझ्या टेलर. इमारतीच्या जिन्याखालची आठ बाय सहाची जागा, दोन मशिनं, भिंतीवर पट्ट्या आणि आकड्यांच्या वह्या. माझी त्यांची गाठ पडली ती एका फजितीतून. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. एका मोठ्या दुकानातून महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा देऊन मी काळं जॅकेट घेतलं. पहिल्याच सादरीकरणाला फळ्यावर लिहायला हात वर केला आणि काखेत शिवण टरकली. पुढची वीस मिनिटं मी उजवा हात अंगाशी धरून बोलले. काय बोलले ते आठवत नाही, कोपर बरगडीला दाबून धरल्याचं आठवतं. दुकानाने जॅकेट परत घ्यायला नकार दिला. शेजारणीने वहिनींचा पत्ता दिला.

वहिनींनी जॅकेट उलटं केलं. अस्तर थोडं उसवलं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा ताई. माया किती सोडलीये? गव्हाच्या दाण्याएवढी. आता सैल करायचं म्हटलं तर काढू कुठून?" शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती नसली की काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. प्रत्येक शिवणीत अर्धा सेंटिमीटर वाचला तरी हजारो नगांमागे ताग्यांचे तागे वाचतात. वर ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवता कड छाटून टाकतं. बाहेरून कपडा नीटनेटका दिसतो. पण आपलं अंग काही त्या नगासारखं ठरीव मापाचं नसतं. बाळंतपण येतं, थायरॉइड निघतो, चाळिशी येते, कधी आजारपणात दहा किलो उतरतात. दीड इंच माया असलेला कपडा या सगळ्यातून आपल्याबरोबर येतो. वहिनींनी 2009 मध्ये शिवलेली नेव्ही ब्लू पँट मी तीनदा सैल आणि एकदा घट्ट करून घेतली आणि ती अजून वापरते आहे.

दुसरी गोष्ट मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची. तयार कपड्यात मुंढा खोल आणि मोठा कापतात, म्हणजे जास्तीत जास्त अंगांना तो चालतो. पण मुंढा जितका खाली, तितका हात उचलला की अख्खा कपडा वर चढतो. काखेच्या जवळ, नेमका कापलेला मुंढा आधी घट्ट वाटतो, पण हात मात्र मोकळा फिरतो. लोकलमध्ये वरची कडी धरणारीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वहिनी माप घेताना हात वर करायला लावतात, खाली बसवतात, वाकायला सांगतात. दुकानातल्या आरशासमोर मात्र आपण सगळ्याजणी ताठ उभ्या राहून कपडा पसंत करतो. दिवसभर तसं उभं कोण राहतं?

आणि मापांचा गोंधळ आहेच. एका दुकानात 'एम', दुसऱ्यात 'एक्सएल', बाई तीच. आपल्याकडची मापं बरीचशी ब्रिटिश-अमेरिकी तक्त्यांवरून आलेली आहेत. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांतल्या 15 ते 65 वयाच्या 25,000 स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची असं ठरलं. मला या कामाचं मोल वाटतं. तरी एकच सांगते, कितीही चांगला तक्ता झाला तरी तो सरासरीचा असतो, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली असलेली भाची त्यात सापडणार नाही. वहिनींनी तो पहिल्या मिनिटात पाहिला. रोज लॅपटॉपची बॅग त्याच खांद्यावर.

कामाप्रमाणे आणि हवेप्रमाणे पेहराव बदलायचा, हे आपल्या बायकांनी फार आधी केलंय. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला पोचल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत ते सोसेना, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. 1885 च्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्याबरोबर त्या बसल्या आहेत. तिघी डॉक्टर होऊ घातलेल्या, तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख. ते छायाचित्र मी भाचीला पाठवलं. काष्ट्याची नऊवारी ही तर मुळात कामाचीच वस्तू, शेतात आणि मासळीबाजारात हात-पाय मोकळे ठेवणारी. तिला खिसा नव्हता, पण कनवट होती. पैसे तिथे खोचलेले असत आणि बाईच्या हाताला ते बरोबर सापडत.

आज कनवट गेली आणि खिसाही नीट मिळाला नाही. अमेरिकेतल्या 'द पुडिंग' या संकेतस्थळाने 2018 मध्ये जीन्सचे खिसे मोजले. बायकांच्या पँटचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी 48 टक्के आखूड निघाले. मी टेलरकडे जाते त्याचं निम्मं कारण खिसा आहे, हे उघड सांगते. कुर्त्याच्या उजव्या बाजूच्या शिवणीत सात इंच खोल खिसा, त्यात फोन आणि लोकलचा पास. पर्स सीटवर ठेवून पाणी प्यायला गेलं तरी जीव टांगणीला लागत नाही.

ऑफिसातल्या एसीबद्दलही थोडं. बायका उगाच कुडकुडत नाहीत. 2015 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दोन डच संशोधकांनी दाखवून दिलं की इमारतींच्या तापमानाचे निकष 1960 च्या दशकातल्या, साधारण चाळिशीच्या आणि 70 किलो वजनाच्या पुरुषावर बेतलेले आहेत. बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता त्या हिशेबात 35 टक्क्यांपर्यंत जास्त धरली गेली. बाहेर 34 अंश, आत 22. म्हणून आपल्याकडच्या जॅकेटला अस्तर नको. जाडसर सुती कापडाचं, घडी करून बॅगेत मावणारं जॅकेट हवं, ऑफिसात चढवायचं आणि निघताना काढायचं. खणाच्या कापडाची अशी जॅकेटं आता बरीच दिसतात आणि मला ती मनापासून आवडतात, पण पहिलं जॅकेट साधंच असावं. खण लोकांच्या लक्षात राहतो. आठवड्यातून तीनदा घातलं की त्या जॅकेटचा गणवेश होतो.

रंगांचं फार लांबवत नाही. नवरात्रात सोमवारी पांढरा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी, पुढच्या सोमवारी मोरपंखी, असं लोकलचे बायकांचे डबे सांगतातच, आणि तो आनंद वर्षातून एकदा हवाच. रोजसाठी खालचे कपडे नेव्ही किंवा काळे घ्या आणि वरचे आपल्या वर्णाला खुलणारे. पांढरी पँट जूनमध्ये ठाणे स्टेशनाबाहेर एकदा चिखलाने भरली की संपली. वकील बायकांकडे मात्र पाहण्यासारखं आहे. बार कौन्सिलच्या नियमांत पांढरा, काळा किंवा सौम्य रंग, बिननक्षीचं कापड, आणि त्यात साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता सगळं बसतं. चौकट घट्ट आहे, तरी आत निवडीला जागा आहे.

तर शुक्रवारी आम्ही गेलो. दादरला हिंदमाताच्या दुकानांमध्ये दोन तास. भाचीला कापड चुरगळून बघायला शिकवलं: मुठीत दहा सेकंद घट्ट धरायचं आणि सोडायचं, घडी तशीच राहिली तर अकरा वाजेपर्यंत पँटची तीच अवस्था होणार. दोन पँटी, दोन कुर्ते आणि एका जॅकेटचं कापड घेतलं. दोन शर्ट तयार घेतले, ते मात्र नव्या करात स्वस्त पडले. सपाट तळव्याचे चामडी शूजही 2,500 च्या आतले. तेवढ्या किमतीच्या चपला-बुटांवरही आता 5 टक्केच आहे. एक सुती साडी, तिच्यावर काळा ब्लाऊज, जो आईच्या सहा साड्यांवर चालेल. हे सगळं शिलाईसकट 15,000 मध्ये बसलं. एक पँट कापड-शिलाईसह 1,600 ला पडते. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं घातली तर एका वापराचे आठ रुपये. ट्रेंच कोटाचा असा हिशेब मांडून बघा म्हटल्यावर भाचीने तो यादीतून स्वतःच खोडला.

सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून आणायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं. ते करून शनिवारी संध्याकाळी वहिनींकडे पोचलो. त्यांनी पँटचं कापड टेबलावर पसरलं, किनारीशी पट्टी लावून उभा धागा तपासला. तो तिरका गेला की दहा धुण्यांत पँटची बाजूची शिवण नडगीवर येते. मग भाचीची कंबर, बैठक, उंची वहीत लिहिली. दसऱ्यानंतर या म्हणाल्या.

भाचीने विचारलं, "काकू, जरा फिटिंगला करा ना, एकदम घट्ट."

"बाहेरून घट्ट करते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खडूने शिवणीची रेघ ओढली, तिच्याबाहेर दोन बोटं मोजली आणि दुसरी रेघ ओढली. कात्री दुसऱ्या रेघेवरून चालली.