एका कार्डात वाणी आणि सावकार

घरखर्चाची वही : भाग ७

आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे लाल पुठ्ठ्याची लांबट वही होती. महिनाभर तेल, साखर, साबण त्या वहीत लिहून यायचं आणि पगार झाला की आई पहिली त्याच्याकडे जायची. व्याज नव्हतं. बाकी मिटवली की तो पान आडवं खोडायचा आणि पोरांच्या हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवायचा. पण कधी बाकी राहिली, की पुढच्या वेळी तोच माणूस हळू आवाजात म्हणायचा, "मागचं तेवढं बघा, वहिनी." दुसऱ्या महिन्यातही राहिली, की त्याच्या दुकानातली साखर संपलेली असायची. फक्त आमच्यापुरती.

गेले सहा आठवडे आपण जमा-खर्च मांडतो आहोत, पण उधारीचं पान मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. पत्रांतून सर्वाधिक विचारणा मात्र त्याचीच झाली : क्रेडिट कार्ड वापरावं की नाही? याला एकच उत्तर देता येत नाही, कारण कार्ड एकच दिसत असलं तरी त्यात दोन माणसं बसलेली असतात. एक तो वाणी. दुसरा सावकार. आपण कोणाशी व्यवहार करतो आहोत, हे ठरतं बिलावरच्या एका आकड्यावर.

आधी वाणी पाहू. समजा, तुमचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि पैसे भरायला त्यानंतर वीस दिवस मिळतात. १३ ऑक्टोबरला घेतलेला मिक्सर १२ नोव्हेंबरच्या बिलात येईल आणि त्याचे पैसे २ डिसेंबरपर्यंत द्यायचे. म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी. तोच मिक्सर ११ नोव्हेंबरला घेतला असता तर जेमतेम एकवीस दिवस मिळाले असते. बिल पूर्ण भरणाऱ्याला बँक काही मागत नाही. वार्षिक फी असेल तेवढीच. वर दुकानदाराकडून मिळालेल्या कमिशनमधला थोडा वाटा 'पॉइंट' म्हणून परत येतो. त्या लिमलेटच्या गोळ्या समजा.

आता बिलाचा कागद नीट बघा. त्यावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. किमान देय हा साधारण एकूण बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, शिवाय चालू हप्ते, कर वगैरे असतील ते. ६० हजारांच्या बिलाखाली तीन हजारांचा आकडा दिसला की माणसाला हायसं वाटतं. सणाचा महिना आहे, शाळेची फी आहे, या वेळी एवढंच भरू. दंड लागत नाही, फोन येत नाही, कोणी हळू आवाजात "मागचं बघा" म्हणत नाही. साखर संपत नाही. उलट दुकान उघडंच असतं.

त्याच क्षणी वाणी उठून आत जातो आणि गादीवर सावकार येऊन बसतो.

हिशेब करू. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ६० हजारांवर महिन्याचं व्याज २,१०० रुपये, त्यावर कर ३७८. बाकी झाली ६२,४७८. तिचे पाच टक्के, म्हणजे ३,१२४ रुपये तुम्ही भरले. उरले ५९,३५४. तीन हजारांहून जास्त दिले आणि कर्ज उतरलं ६४६ रुपयांनी! हेच वर्षभर केलं आणि मध्ये कार्डाला हातही लावला नाही, असं धरू. बारा महिन्यांत भरलेली रक्कम होते ३५ हजारांहून थोडी जास्त, आणि वर्षाअखेर डोक्यावर उरलेलं कर्ज असतं सुमारे ५२,७००. म्हणजे २८ हजार कुठे गेले, ते वेगळं सांगायला नको. शिवाय बाकी कमी होते तसा किमान आकडाही कमी होतो, म्हणून फेड लांबतच जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकांना बिलावर तसा इशारा छापावा लागतो. तो आपण वाचत नाही, हा भाग वेगळा.

मध्ये कार्डाला हात लावला नाही असं मी धरलं, पण तसं सहसा होत नाही. आणि मागची बाकी शिल्लक असली की बिनव्याजी मुदत थांबते. खरी मेख इथे आहे. मग नव्याने घेतलेल्या प्रत्येक वस्तूला घेतल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. परवा आणलेल्या गव्हाला, काल भरलेल्या पेट्रोलला, सगळ्याला. पन्नास दिवसांची सवलत आहे या समजुतीत माणूस कार्ड घासत राहतो आणि ती सवलत तर मागच्याच महिन्यात संपलेली असते. कार्डावर एटीएममधून रोख काढणाऱ्याला ती मुळातच नसते. तिथे व्याज पहिल्या दिवसापासून, आणि काढण्याची फी वेगळी.

४२ टक्के हा आकडा ऐकून कोणालाही कायद्याची आठवण होईल. आपल्याकडे एक जुना नियम होता, दामदुप्पट : एका वेळी मागितलेलं थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. धर्मशास्त्रातून आलेला हा नियम मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीही हिंदू कर्जदारांच्या बाबतीत मानला. (आता हा शब्द पतसंस्थांच्या फलकांवर ठेवींची जाहिरात म्हणून दिसतो. कर्जदाराची ढाल होती, ठेवीदाराचं आमिष झालं.) नियम असूनही सावकारी पाश सुटले नाहीत, हेही खरं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली ती मुख्यतः कर्जाचे कागद आणि वह्या जाळायला. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि कागदावर काय लिहिलंय याच्या पलीकडे जाऊन व्यवहार तपासायची मुभा न्यायालयांना मिळाली.

कार्डाच्या बाबतीत मात्र न्यायालयाकडून फार आशा ठेवू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज आकारणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१अ सांगतं. दर किती असावा हा प्रश्न रिझर्व्ह बँकेचा. दामदुप्पट काटेकोरपणे लावायची म्हटली तरी तो नियम थकलेल्या व्याजाचा होता. आपण तर दर महिन्याला निमूटपणे व्याज भरत असतो.

मला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी खात्यातून बिल आपोआप वळतं होण्याची सोय घेतली. फॉर्मवर दोन चौकोन होते, 'एकूण' आणि 'किमान'. बँकेतल्या मुलाने पेन्सिलने खूण करून दिली, मी सही केली. पाच महिने खात्यातून पैसे जात होते, मोबाइलवर 'आपले पेमेंट मिळाले, धन्यवाद' येत होतं आणि मी बिलाची ईमेल उघडतही नव्हतो. सहाव्या महिन्यात गाडीच्या विम्यासाठी कार्ड दिलं तर मर्यादा संपलेली! खूण 'किमान'वर होती. दोष त्या मुलाचा थोडा, माझा जास्त. हा लेख बाजूला ठेवून आधी तुमची ती खूण तपासा.

त्यानंतर मी घरच्या वहीत एक बदल केला. कार्डाचा खर्च बिल आल्यावर नाही, कार्ड घासलं त्या दिवशीच लिहायचा आणि तेवढी रक्कम खर्चाच्या शिल्लकेतून तिथल्या तिथे वजा करायची. बँकेच्या खात्यात २२ हजार दिसत असतील आणि कार्डावर १४ हजार झाले असतील, तर वहीत शिल्लक आठच हजार. कार्डाची मर्यादा दोन लाख आहे की पाच, याला वहीत जागा नाही. ती मर्यादा बँकेने ठरवलेली आहे, आपल्या पगाराने नाही.

आता जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. पहिलं म्हणजे कार्ड कपाटात. मागची बाकी आहे तोवर सगळा खर्च रोखीने किंवा खात्यातून. दुसरं, महागडं कर्ज स्वस्त कर्जाने फेडा. नोकरदारांची पतसंस्था असेल, ज्याला आपण 'सोसायटी' म्हणतो, तर तिच्याकडे जा. घटत्या बाकीवर बारा टक्क्यांनी ६० हजार घेतले तर वर्षभराचा हप्ता ५,३३१ रुपये पडतो आणि एकूण व्याज चार हजारांच्या आत. दोन जामीनदार शोधताना थोडं ओशाळं व्हायला होतं. पण कार्डाच्या वाटेने त्याच वर्षात २८ हजार जातात आणि कर्ज जवळजवळ तसंच राहतं. दर विचारताना 'घटत्या बाकीवर की सपाट' हे विचारायला विसरू नका. सपाट बारा टक्के हे दिसतात त्याच्या जवळपास दुपटीने महाग पडतात.

आणि ती एफडी. हा विषय घराघरात नाजूक आहे. कपाटात ७ टक्क्यांची पावती आणि पाकिटात ४२ टक्क्यांचं कर्ज, अशी घरं मी कितीतरी पाहिली आहेत. पावती मोडायची म्हटलं की घरातली मोठी माणसं गप्प होतात, कारण ती मुलीच्या नावाची असते, किंवा आजोबांनी सुरू केलेली असते. त्या भावनेला मी हसणार नाही. तिच्याच जोरावर या घरांत काही साठलं. पण ६० हजारांच्या पावतीवर वर्षाला ४,२०० मिळतात, आणि तेवढ्याच बाकीवर दोन महिन्यांत त्याहून जास्त जातात. मोडवत नसेल तर पावती तारण ठेवून कर्ज घ्या, दर ठेवीच्या दराहून एखाद-दोन टक्केच वर असतो. पावती कपाटात राहते, आजोबाही राहतात.

सिबिलबद्दल थोडक्यात. किमान रक्कम भरली की खातं थकीत दिसत नाही, हे बरोबर. पण मर्यादेच्या ८०-९० टक्के बाकी महिनोन् महिने दिसत राहिली की गुण घसरतात. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवून बघा. नको असलेलं कार्ड बाकी मिटवून बंद करायला सांगितलं, तर बँकेने कामाच्या सात दिवसांत ते बंद करायला हवं. नाही केलं तर पुढच्या दर दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे. अर्ज लेखी करा आणि पोच जपून ठेवा.

वर सोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात म्हटलं. त्यातले एक तुम्हीच असाल तर? सही करण्याआधी काय काय विचारायचं, ते पुढच्या आठवड्यात.