सेल्फ लागतो, पण गाडी चालू होत नाही



मागच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका गटाचा जमाखर्च वाचताना 'गाडी दुरुस्ती' या एकाच नावाखाली सलग तीन नोंदी निघाल्या. आधी नवी बॅटरी, मग सेल्फ खोलून दुरुस्ती आणि शेवटी डिझेल फिल्टर. गाडी चालू झाली ती फिल्टर बदलल्यावर. तोपर्यंत चार दिवस भाजी दुसऱ्याच्या टेम्पोने, भाडं भरून मार्केटला गेली. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला गेलाच. विचारल्यावर अध्यक्षताई म्हणाल्या, "आम्हाला काय कळतंय त्यातलं? ड्रायव्हर म्हणाला बॅटरी, म्हणून आणली बॅटरी."

हा लेख त्या वाक्यासाठी लिहितेय. पिकअप गटाच्या नावावर आहे, कर्ज गटाच्या डोक्यावर आहे, पण बोनेट उघडलं की आपण सगळ्याजणी दोन पावलं मागे सरकतो. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, मेकॅनिक नाही. इथे सांगतेय ते गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचून आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये बसून समजून घेतलेलं आहे. पाना हातात घ्यायलाच हवा असं नाही. पण पैसे कशावर खर्च होणार, हे ठरवण्याइतकं तरी आपल्याला कळायला हवं.

आधी कान द्या

'गाडी चालू होत नाही' हे दोन वेगळ्या दुखण्यांचं एकच नाव आहे. चावी फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं, किंवा काहीच आवाज आला नाही, तर तो बॅटरीचा, तिच्या वायरींचा किंवा सेल्फचा प्रश्न. पण चावी फिरवल्यावर इंजिन रोजच्यासारखं जोरात 'घुर्र घुर्र घुर्र' फिरतंय आणि तरीही पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीने आणि सेल्फने आपलं काम केलेलं असतं. इंजिन फिरवणं एवढंच तर त्यांचं काम! अशा वेळी कुणी 'नवी बॅटरी घ्या' म्हणालं, तर 'का?' असं नक्की विचारा.

यात एक अपवाद आहे. इंजिन फिरतंय, पण दमल्यासारखं, थांबत थांबत, तर बॅटरी कमजोर असू शकते. डिझेल इंजिन हळू फिरलं तर पेटत नाही. बॅटरी तपासायचं डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतं, ते गटाने एक घेऊन ठेवावं असं माझं मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा खाली येतोच, पण साडेनऊच्याही खाली घसरला तर बॅटरीवर संशय घ्या. नवी आणण्याआधी बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी बुरशी पुसून वायरी घट्ट करून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

डिझेल इंजिन पेटतं कसं

चुलीला लाकूड, हवा आणि काडी लागते. डिझेल इंजिनात काडी नसते. ते हवा इतकी दाबतं, साधारण सोळा-सतरा पट, की ती दाबानेच तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि पेटतो. म्हणजे जोरात फिरणारं इंजिन पेटत नसेल तर शक्यता मोजक्याच राहतात: डिझेल पोचत नाही, हवा मिळत नाही, हवा पुरेशी दाबली किंवा तापली जात नाही, नाहीतर गाडीचा कंप्युटर फवाऱ्याचा हुकूम देत नाही. जुन्या गाड्यांत हा कंप्युटर नव्हता, हल्लीच्या पिकअपमध्ये असतोच.

आता चोर शोधायचा तो स्वस्त ठिकाणापासून.

पहिलं म्हणजे टाकी. काटा पाव टाकी दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नका, टाकीतला तरंगता गोळा अडकला की काटा खोटं बोलतो. काल किती किलोमीटर झाले, शेवटचं डिझेल कधी भरलं, हे लॉगबुकात बघा. मग चावी 'ऑन' करून समोरचे दिवे बघा. इंजिनाच्या चित्राचा दिवा लागायला हवा. तो अजिबात लागलाच नाही, तर कंप्युटरला वीजच मिळत नसेल, म्हणजे फ्यूज किंवा रिले बघायचा. चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी सेल्फ फिरतो, पण डिझेल बंद ठेवलं जातं. दुसरी चावी लावून बघा. (दुसरी चावी ड्रायव्हरच्या घरी नको, गटाच्या कपाटात हवी.)

आता धुराकडे बघा

गॅरेजच्या काकांनी सांगितलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही. एकीने सेल्फ मारायचा आणि दुसरीने बाजूला उभं राहून सायलेन्सरकडे बघायचं. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा, ते विसरू नका.

इंजिन फिरतंय आणि सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, तर बहुधा डिझेल आतपर्यंत पोचलंच नाही. पांढरट धूर येतोय आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धा शोध संपतो.

धूर नसेल तर आधी डिझेलची वाट बघू. विहिरीवरचं डिझेल इंजिन ज्यांच्या शेतात आहे, त्यांना 'एअर पकडली' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टाकी पूर्ण रिकामी होऊन गाडी बंद पडली, फिल्टर नुकताच बदलला, किंवा एखादा पाइप सैल झाला, की लाइनमध्ये हवा शिरते आणि डिझेल पुढे सरकत नाही. मग नुसतं पाच लिटर ओतून गाडी चालू होत नाही, हवा काढावी लागते. बहुतेक पिकअपच्या फिल्टरजवळ हाताने दाबायचा छोटा पंप किंवा रबरी फुगा असतो. तो दाबत राहायचं. आधी तो मऊ लागतो, लाइन भरली की घट्ट होतो. कितीही दाबला तरी घट्ट होतच नसेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकीतून डिझेल येतच नाही.

फिल्टरमध्ये पाणी साठणं हे दुसरं मोठं कारण, विशेषतः पावसाळ्यात आणि डब्यातून, पिंपातून डिझेल भरणाऱ्यांकडे. पाणी डिझेलपेक्षा जड असतं, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसतं. बऱ्याच फिल्टरला खाली पाणी सोडायचा स्क्रू असतो. तळातलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं, त्यात कुणाचा शब्द प्रमाण मानायची गरज नाही. सुरुवातीला सांगितलेल्या गटाचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरला बदललाच नव्हता, तो पूर्ण चोंदला होता.

डिझेलची वाट मोकळी असेल तर मग वायरी. आपल्याकडे गाडी रात्री उभी असते कुठे? गोठ्याजवळ, कांद्याच्या चाळीजवळ, धान्याच्या खोलीला लागून. म्हणजे उंदरांच्या दारात. बोनेटखाली ऊब असते, उंदीर आत बसतो आणि वायर कुरतडतो. एखादी बारीक वायर तुटली तरी कंप्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. बॅटरी घेत बसण्याआधी टॉर्च लावून वायरी बघा, लेंड्या दिसतात का बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घाला. तांब्याची तार गुंडाळून काम भागवू देऊ नका, त्याने गाडीला आग लागू शकते.

गाडी चालून गरम झाली की बंद पडते, सेल्फ फिरतो पण चालू होत नाही, आणि अर्ध्या तासाने थंड झाली की शहाण्यासारखी चालू होते, असं असेल तर ते मेकॅनिकला आवर्जून सांगा. क्रँक सेन्सर खराब व्हायला लागला की असं होतं. आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो जागचा हलतो का, तेही बघून ठेवा.

पांढरा धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. थंडीच्या पहाटे, ज्या गाडीला हीटर प्लग आहेत त्या गाडीत चावी 'ऑन' केल्यावर स्प्रिंगसारख्या चित्राचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा. घाई केली तर पेटणार नाही. एअर फिल्टर धुळीने बुजलाय का तेही काढून बघा. डिझेलमध्ये चुकून पेट्रोल भरलं गेल्याची शंका असेल, तर पुन्हा चावीलाही हात लावू नका, टाकी रिकामी करावी लागेल. याहून पुढचं सगळं, नोझल, पंप, इंजिनाचं कॉम्प्रेशन, हे मेकॅनिकचं काम.

ज्यांच्याकडे पेट्रोल किंवा सीएनजीची छोटी गाडी आहे, तिथे स्पार्क प्लग आणि कॉइल ही जास्तीची दोन नावं लक्षात ठेवा. तिथे ठिणगीनेच पेटतं.

हे होऊ देऊ नका

सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, आणि दोन वेळांच्या मध्ये किमान अर्धा-एक मिनिट थांबावं. चिडून सलग मारत राहिलं की चांगली बॅटरी उतरते, सेल्फ जळतो आणि खर्च एकाचे तीन होतात. सेल्फने इंजिन नीट फिरत असेल तर धक्का मारूनही वेगळं काही होत नाही, चार बायामाणसांची कंबर तेवढी दुखते. हवा ओढणाऱ्या पाइपशी पेट्रोलचा बोळा धरायची गॅरेजमधली जुनी युक्ती आहे, ती साफ नाकारा. भडका उडतो, इंजिनही फुटू शकतं. नव्या गाड्यांत नोझलकडे जाणारे जाड पाइप इंजिन फिरताना सैल करू नका. त्यातला दाब टायरच्या हवेच्या शेकडो पट असतो आणि डिझेलची धार कातडीतून आत घुसते. आणि एक, इंजिन एरवीपेक्षा फारच हलकं, सुळसुळीत फिरल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो, अशा वेळी प्रत्येक सेल्फने आतलं नुकसान वाढतं.

मेकॅनिकला फोन करताना 'गाडी बिघडली, लवकर या' एवढंच सांगू नका. सेल्फ जोरात फिरतोय की हळू, धूर आहे की नाही, कोणता दिवा लागलाय, शेवटचं डिझेल कधी आणि कुठे भरलं, फिल्टर किती किलोमीटरला बदलला, एवढं सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल, दोन फेऱ्यांचे पैसे वाचतील. नव्या गाडीला त्याने स्कॅनर लावला तर कोड कोणता आला तो लॉगबुकात लिहून घ्या.

बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. बिलाच्या मागे एका ओळीत लिहा: काय झालं होतं, काय बदललं, त्यानंतर गाडी चालू झाली का. मासिक बैठकीत खर्च मंजूर करताना बिलासोबत ती ओळही वाचायची, असं पुढच्या महिन्यापासून आपल्या प्रभागसंघात ठरलं आहे. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी लॉगबुक घेऊन यावं. नसेल तर साधी दोनशे पानी वही चालेल.