कुर्रतुल्‌ऐन ताहिरा

इराणांतील कझवीन शहरीं, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, मुल्ला सालेह या नामांकित धर्मपंडिताच्या घरीं एक कन्या जन्मास आली. मुलींस अक्षरओळखही दुर्मिळ असण्याच्या त्या काळांत पित्यानें तिला कुराण व धर्मशास्त्र शिकविलें. पुढें चुलतभावाशीं तिचा विवाह झाला, संसार झाला. परंतु ज्ञानाची तहान भागली नाहीं. करबल्याचे आचार्य सय्यद काझिम यांच्याशीं तिनें पत्रव्यवहार केला. त्यांनीं तिला ‘कुर्रतुल्‌ऐन’, म्हणजे नेत्रांचा विसावा, ही पदवी दिली. ती करबल्यास पोचली तेव्हां आचार्य निवर्तले होते. त्यांच्याच घरीं राहून ती पडद्याआडून शिष्यांस शिकवूं लागली.

१८४४ सालीं शिराझचे तरुण व्यापारी सय्यद अली महंमद यांनीं आपण ‘बाब’, म्हणजे द्वार, असल्याचें घोषित केलें. त्यांच्या पहिल्या अठरा अनुयायांत कुर्रतुल्‌ऐन ही एकटीच स्त्री. आणि तिला त्यांचें दर्शन तर कधींच घडलें नाहीं!

१८४८ च्या उन्हाळ्यांत बाब कारावासांत असतां बदश्त या खेड्यांत अनुयायी जमले. बाबांचा मार्ग ही जुन्या शास्त्राचीच दुरुस्ती, कीं नव्या युगाचा आरंभ, हा त्यांच्यापुढें प्रश्न होता. एके दिवशीं कुर्रतुल्‌ऐन बुरख्यावांचून सभेपुढें आली. सभा हादरली. एकानें स्वतःच्याच गळ्यावर शस्त्र चालविलें. कित्येकांनीं पंथ सोडला.

हें कृत्य आज स्त्रीस्वातंत्र्याची घोषणा म्हणून सांगितलें जातें. मूळ वाद धर्माचा होता हें विसरतां कामा नये. परंतु जुना नियम संपला असें पुरुषांनीं कितीही म्हटलें, तरी वाद पोथींतच राहिला असता. त्या नियमाचा भार जिच्या मस्तकावर होता, तिनेंच तो उतरवून दाखविला. म्हणून धर्माचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न तेथें एक झाले. याच सुमारास तिला ‘ताहिरा’, म्हणजे पवित्र, हें नांव मिळालें. तिच्या शीलावर शिंतोडे उडविणारांस तेंच उत्तर होतें.

पुढें ती पकडली गेली व तेहरानच्या कोतवालाच्या घरीं बंदींत राहिली. १८५० सालीं तब्रीझ येथें बाबांस देहदंड झाला. १८५२ च्या ऑगस्टांत कांहीं बाबींनीं शहावर गोळ्या झाडल्या. त्याच्या सूडांत बंदिवान ताहिरेसही गळा आवळून मारण्यांत आलें. तिचें वय तेव्हां चाळिशीच्या आंतच होतें.

बदश्तला उपस्थित असलेल्या बहाउल्लांनीं पुढें स्थापिलेल्या बहाई धर्मांत स्त्री-पुरुष समता हें एक मूलतत्त्व ठरलें. कवि इक्बालांनीं १९३२ सालच्या ‘जावेदनामा’ काव्यांत हल्लाज व गालिब यांच्या पंक्तीस ताहिरेस बसविलें. तिच्या नांवावर चालणाऱ्या कित्येक गझला दुसऱ्यांच्या असाव्यात, असें पंडित म्हणतात. बदश्तचें तें पाऊल मात्र तिचेंच. तें दुसऱ्या कोणाच्या नांवावर मांडतां येत नाहीं.